राजभवनाच्या आधीचं परळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मलबार हिलच्या राजभवनावर पानभर लेख आला. समुद्राकडे तोंड केलेले बंगले, अलीकडे सापडलेलं जमिनीखालचं बंकर, आवारातले मोर, सगळं छान लिहिलं होतं. मी लेख कापून ठेवला आहे. पण त्यात परळच्या वाट्याला एकच वाक्य आलं : ‘त्याआधी गव्हर्नर परळ येथे राहत असत.’ परळ म्हणजे कुठे, कुठल्या घरात, ते घर आज आहे की पडलं, याबद्दल पुढे एक अक्षर नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ मुंबईच्या गव्हर्नरांचा जिथे मुक्काम होता ते घर जागेवर उभं आहे. आचार्य दोंदे मार्गावर, केईएम आणि टाटा रुग्णालयाच्या शेजारी. लाखो माणसं त्याच्या कुंपणाजवळून जातात आणि त्याला ‘हाफकिन’ (लशींची संशोधन संस्था) म्हणून ओळखतात. हे पत्र त्या घरासाठी आहे.

मी परळ गावात जन्मले आणि अजून तिथेच राहते. वडील गिरणीत साचेवाले होते. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली. जुन्या सरकारी इमारतींची मापं घ्यायची, नकाशे काढायचे, दुरुस्तीआधी कुठली भिंत मूळची आणि कुठली मागाहून घातलेली हे कागदावर दाखवायचं, असं ते काम. त्यामुळे एखादी इमारत पाहिली की दर्शनी सजावटीपेक्षा आधी भिंतीच्या जाडीकडे लक्ष जातं. परळच्या या घराबद्दल मला जे सांगायचं आहे ते त्या नजरेतून आलेलं आहे.

हे घर मुळात गव्हर्नरांसाठी बांधलेलं नाही. पोर्तुगीज अमलात इथे ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ होता आणि त्याला जोडून प्रार्थनामंदिर होतं. १६६१च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, १६६५मध्ये बेटांचा प्रत्यक्ष ताबा आला, तरी मठ धर्मगुरूंकडेच राहिला. इंग्रजांचं आणि त्यांचं पटेना. शेवटी १७१९-२०च्या सुमारास, चार्ल्स बून गव्हर्नर असताना, तो सरकारने काढून घेतला. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ साली. म्हणजे उत्तरेकडचं पोर्तुगीज राज्य मराठ्यांनी संपवण्याच्या वीसेक वर्षं आधीच परळची घंटा थांबली होती.

तेव्हाचं परळ आज डोळ्यांसमोर आणायला थोडा प्रयत्न करावा लागतो. फोर्टातल्या तटबंदीत सगळं शहर कोंबलेलं, आणि तिथून दोन-अडीच कोसांवर हे गाव : आंबा, ताड, माड, भातखाचरं, अधूनमधून वाड्या. गव्हर्नरांचं अधिकृत घर किल्ल्यात होतं. १७५७ला तिथल्याच अपोलो स्ट्रीटवर दुसरं घर घेतलं. परळचा मठ आधी हवापालटाची जागा म्हणून वापरात आला. इथे कायमचा मुक्काम करणारा पहिला गव्हर्नर विल्यम हॉर्नबी, १७७१पासूनचा. तिथून पुढे मुंबई इलाख्याच्या बऱ्याच मोठ्या निर्णयांची खलबतं या छपराखाली झाली. हॉर्नबीच्याच कारकिर्दीत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं. वडगावला मुंबईच्या फौजेला मान खाली घालावी लागली ती १७७९च्या जानेवारीत, आणि तो तह मानायला नकार देणारा गव्हर्नर हाच.

आता वास्तूबद्दल. अशा प्रार्थनामंदिराचा मुख्य भाग बहुधा लांबट असतो. मध्ये खांब नाहीत, एका टोकाला वेदी, वर कमानीसारखं वळलेलं छत. अशा छताचं वजन नुसतं सरळ खाली उतरत नाही, ते दोन्ही भिंतींना बाहेर रेटतं. म्हणून त्या भिंती जाड बांधाव्या लागतात आणि खिडक्यांची भोकं खोल होतात. राहत्या घराला एवढ्या जाड भिंतींची गरज नसते. पण गव्हर्नरांना गरज होती ती लांब, अखंड दालनाची. मेजवान्या, नाच, संस्थानिकांच्या भेटी, सगळ्यालाच मोठी जागा लागते. ती मठाने आयती दिली. वेदी गेली, मेजं आली. १८२५मध्ये बिशप हेबर मुंबईला आले तेव्हा ते इथे उतरले होते. त्यांनी लिहून ठेवलंय की घरात एकावर एक अशी दोन दालनं आहेत, प्रत्येक सुमारे ७५ ते ८० फूट लांब. त्यांतलं खालचं म्हणजे जेवणघर, आणि ते पूर्वी चर्च होतं असं सांगतात. धर्मगुरू असलेल्या माणसाने हे लिहिताना मनात काय आणलं असेल याचा मी खूपदा विचार केला आहे. त्याच दालनात बसून तो जेवला.

आमच्या कामात याला फार महत्त्व असतं. सजावट बदलते, जिने हलवतात, छत खाली घेतात, वर मजला चढवतात. पण मूळच्या भिंतींमधलं अंतर कुणाला सहजासहजी बदलता येत नाही. हॉर्नबीपासून फर्ग्युसनपर्यंत एवढे गव्हर्नर आले आणि गेले, प्रत्येकाने काही ना काही केलं असेल, पण जेवणाच्या दालनाची लांबी-रुंदी ठरवून गेले ते कुणीतरी अनामिक पोर्तुगीज मिस्त्री आणि त्यांच्या हाताखाली दगड-चुना वाहणारे इथले गवंडी. मुंबईत सतराव्या शतकातल्या बांधकामाचे इतके भरीव अवशेष सलग वापरात राहिलेत अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. किल्ल्याची तटबंदी तर १८६०च्या दशकात पाडूनच टाकली.

दुसरा मोठा बदल केला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको. पुण्याला संगमावर त्याची रेसिडेन्सी होती. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी बाजीराव दुसऱ्याच्या फौजेने ती जाळली, त्यात त्याची पुस्तकं आणि कागदपत्रंही गेली. दोन वर्षांनी हाच माणूस मुंबईचा गव्हर्नर होऊन परळला राहायला आला. १८१९ ते १८२७ या काळात त्याने मधल्या जुन्या गाभ्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूंना दोन नवे पंख जोडले. आज समोरून पाहताना जी रुंदी दिसते ती त्याची देणगी. मधला भाग धर्मगुरूंचा, दोन बाजू एल्फिन्स्टनच्या. एवढं लक्षात ठेवून पाहिलं तर रस्त्यावरूनसुद्धा ही इमारत वाचता येते. याच एल्फिन्स्टनने मलबार पॉइंटला समुद्राकाठी एक बंगला बांधला आणि त्याच्यानंतरचा गव्हर्नर माल्कम याने तिथली जागा वाढवली. म्हणजे आपल्या लेखातल्या राजभवनाची सुरुवात परळच्याच गव्हर्नरांनी केली, उन्हाळ्यात वारा खायला म्हणून.

मागच्या बाजूला, पश्चिमेकडे, बाग होती. बागेत मोठं तळं आणि त्याच्या काठाने झाडांच्या सावलीतला प्रशस्त ओटा होता. संध्याकाळी तिथे मंडळी बसायची, असं जुन्या प्रवासवर्णनांतून कळतं. तळं म्हटलं की आमच्या परळ-लालबागच्या माणसाला लगेच पटतं, कारण हा सगळा भाग मुळात खोलगट, पाणी धरून ठेवणारा. दर पावसाळ्यात हिंदमाताला तेच पाणी आपली जुनी जागा शोधत येतं.

आणखी एक गोष्ट, जी मुंबईतल्या पुस्तकप्रेमींनी तरी विसरू नये. २६ नोव्हेंबर १८०४ला तेव्हाचे मुंबईचे न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ची पहिली बैठक झाली ती परळच्या याच घरात. तीच संस्था आज एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई म्हणून ओळखली जाते. टाउन हॉलच्या त्या पायऱ्यांवर बसून फोटो काढणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की त्या ग्रंथालयाचा जन्म गिरणगावात झाला? (तेव्हा गिरणगाव नव्हतं, हे खरं. पण जागा तीच.)

१८७५च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानात आला तेव्हा त्याला इथेच उतरवलं होतं. मुंबईत पाऊल टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेला, त्याचा वाढदिवस होता. परळच्या घराच्या दरबारी वैभवाचं ते शिखर. पण तोपर्यंत आजूबाजूची हवा बदलून गेली होती. १८५०च्या दशकात ताडदेवला पहिली कापड गिरणी निघाली, आगगाडी आली, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी या पट्ट्यात गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांच्या मागोमाग चाळी आल्या. चाळींमध्ये कोकणातून आणि घाटावरून आलेली आमची माणसं दाटीवाटीने राहू लागली. गटारं नाहीत, पाणी अपुरं. पटकीची साथ ठरलेली.

१८८२मध्ये या घरात पटकीने एक बळी घेतला, तो गव्हर्नरच्या पत्नीचा. सर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी ऑलिव्ह. फर्ग्युसन आधी दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर होते, ती तिकडचीच मुलगी. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाने १८८५ला सुरू झालं, ते हेच. पुढे हे गृहस्थ १९०७ला जमैकातल्या किंग्स्टनच्या भूकंपात गेले. एवढ्या दूरदूरच्या ठिकाणांची माणसं या एका परळच्या घरात एकमेकांना भेटलेली दिसतात. पत्नीच्या मृत्यूनंतर फर्ग्युसन यांचं मन परळमध्ये राहिलं नाही. गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला आणि १८८५ला, लॉर्ड रे यांच्या वेळी, ते अधिकृत निवासस्थान झालं.

हा प्रसंग आपल्याकडे सहसा ‘परळची हवा बिघडली म्हणून गव्हर्नर गेले’ असा सांगितला जातो. मला त्यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. जी पटकी गव्हर्नरच्या घरात एकदा शिरली, ती शेजारच्या चाळींत दर वर्षी येत होती. गव्हर्नरांना समुद्राकाठी दुसरं घर होतं. चाळीतल्या माणसाला गाव होतं, पण पोट इथे होतं. तो कुठे जाणार? गव्हर्नर गेले आणि परळ मागे उरलं. आणि म्हणूनच पुढच्या पंधरा वर्षांत या घराचं जे झालं ते मला मुंबईच्या इतिहासातलं फार मोठं काम वाटतं.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचं निदान केलं : हा प्लेग आहे. सरकारने कलकत्त्याहून वाल्देमार हाफकिन यांना बोलावलं. ते मूळचे ओडेसाचे, ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. पटकीची लस त्यांनी आधीच तयार केली होती आणि ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. ऑक्टोबरात ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा मिळाला. हाताखाली मोजकी माणसं. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती, आधीच्या लशीसारखीच, प्रथम स्वतःला टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. याच साथीत दोन महिन्यांनी पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना.

लस तयार करायची रीत मी मुद्दाम सांगते, कारण त्यात या देशातल्या माणसांचा विचार आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात त्यासाठी गाईचं मांस वापरत. इथे ते चाललं नसतं आणि डुकराचंही चाललं नसतं. हाफकिन यांनी बकऱ्याचं मांस घेतलं. रश्श्यावर तुपाचे किंवा तेलाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छतातून खाली उतरणाऱ्या चुनखडीच्या खांबांसारखे. चंबू अधूनमधून हलवून ते खाली पाडायचे, की वर पुन्हा नवे लोंबू लागायचे. काही आठवड्यांनी सगळं ६५ अंशांना तापवून जंतू मारायचे, त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, बाटल्या भरायच्या. यासाठी यंत्रं फारशी लागत नाहीत. लागते ती जागा : स्थिर, स्वच्छ, थंड, हजारो चंबू हलू न देता ठेवता येतील अशी.

जागेसाठी हाफकिन यांना बरंच फिरावं लागलं. ग्रँट मेडिकल कॉलेज अपुरं पडलं, मग मलबार हिलवरचा एक बंगला, मग आगाखानांनी दिलेला खुश्रू लॉज. लोकांची भीती जावी म्हणून आगाखानांनी स्वतः लस टोचून घेतली होती. शेवटी नजर गेली परळच्या रिकाम्या घराकडे. साथीत तिथे रुग्णालयही उघडलं गेलं होतं. १० ऑगस्ट १८९९ला गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तिथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. (सँडहर्स्ट रोड यांच्याच नावाचा.) जाड भिंती, खोल खिडक्या, लांब अखंड दालनं, उंच छत, मागे झाडी. प्रार्थनेसाठी बांधलेली जागा मेजवानीला उपयोगी पडली आणि मेजवानीची जागा चंबूंना. मापं घेणारी बाई म्हणून मला यात विलक्षण समाधान वाटतं. या घराला लाभलेला सगळ्यात मोलाचा भाडेकरू गव्हर्नर नव्हता, बकऱ्याच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडणारा तो माणूस होता.

पुढे १९०२च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी लशीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन १९ माणसं दगावली. दोष प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पद सोडावं लागलं. बाटली गावात उघडताना दूषित झाली होती, हे सिद्ध होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी त्यांच्या बाजूने जाहीरपणे लिहिलं. ते पुन्हा कलकत्त्याला काम करू लागले, पण परळचं प्रमुखपद त्यांना परत मिळालं नाही. १९०६ला प्रयोगशाळेचं नाव ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ झालं, आणि १९२५ला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’. तोवर मुंबईतून प्लेगच्या लशीचे अडीच कोटींहून जास्त डोस बाहेर गेले होते. हाफकिन १९३०ला लोझानला वारले. १९३२ला साहिबसिंग सोखी हे या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले.

आम्ही लहान होतो तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. आम्हाला हाफकिन म्हणजे साप. शाळेची सहल आली होती. एका माणसाने नागाचं डोकं दोन बोटांत धरून त्याचे दात काचेच्या पेल्यावर ताणलेल्या पातळ पडद्यात रुतवले. पेल्यात पिवळट थेंब पडले, मधासारखे दाट. सगळी पोरं टाचा उंचावून बघत होती. हे विष घोड्याला थोडंथोडं टोचतात आणि घोड्याच्या रक्तातून सर्पदंशाचं औषध तयार होतं, असं सांगितलं. कोकणात ज्यांचं गाव आहे त्यांना या औषधाची किंमत वेगळी सांगायला नको, माझी एक आत्या भाताच्या कापणीत फुरसं चावून गेली होती. दुसरी ओळख कुत्र्याच्या चाव्याची. आमच्या चाळीतल्या एका मुलाला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, त्या लशीच्या बाटलीवर हाफकिनचं नाव होतं. त्या दिवशी सहलीत आम्ही ज्या इमारतीपुढे रांगेत उभे होतो ती काय आहे, हे बाईंनी सांगितलं नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसणार.

आता माझं म्हणणं. हल्ली जुनी वास्तू म्हटली की दोनच सूचना होतात : तिचं संग्रहालय करा, नाहीतर हॉटेल. या घराबद्दलही ‘इतकी ऐतिहासिक इमारत, तिथे प्रयोगशाळा कशाला?’ असं मी ऐकलं आहे. मला हा विचार मुळीच मान्य नाही. प्रयोगशाळा हीच या वास्तूची खरी प्रतिष्ठा आहे. जिथे सामान्य माणसाला दारावर उभं केलं नसतं, तिथून सामान्य माणसासाठी औषध बाहेर पडलं. देशात गव्हर्नरांची आणि संस्थानिकांची घरं पुष्कळ आहेत. बहुतेकांत खुर्च्या, झुंबरं आणि वाघाची कातडी मांडलेली असतात. इथे काम चालू आहे. ते चालूच राहावं. इमारत जपण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तिचा वापर. वापरात असलेल्या इमारतीचं गळतं छत दुसऱ्या पावसाळ्याआधी कुणाच्या तरी नजरेस पडतं. कुलूपबंद वाड्याचं पडेपर्यंत पडत नाही.

मात्र वापर चालू ठेवूनही तीन गोष्टी करता येतील आणि त्या फार खर्चाच्या नाहीत. पहिली, या घराचे थरांप्रमाणे मोजणी केलेले नकाशे व्हावेत : मठाचा भाग कुठला, हॉर्नबीच्या काळातला कुठला, एल्फिन्स्टनचे पंख कुठून सुरू होतात, प्रयोगशाळेसाठी घातलेल्या भिंती कुठल्या. मुंबईत वास्तुशास्त्राची महाविद्यालयं आहेत, मोजणी हा तिथल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचाच भाग असतो. हे नकाशे हाताशी असले की उद्या कुणी वायर ओढायला किंवा वातानुकूलन बसवायला आलं तर कुठल्या भिंतीला भोक पाडायचं नाही हे दाखवता येतं. जुन्या चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केला की आतला ओलावा बाहेर पडत नाही, भिंत आतून कुजत जाते. अशा चुका हेतू वाईट असल्याने होत नाहीत, कागद समोर नसल्याने होतात. हे मी माझ्या नोकरीत वेगवेगळ्या इमारतींत पाहिलं आहे.

दुसरी, कुंपणाबाहेर, पदपथावरून वाचता येईल असा फलक लागावा. मराठीत, मोठ्या अक्षरांत. केईएम, वाडिया आणि टाटा रुग्णालयांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात, रुग्णाच्या नातेवाइकांचे दिवसच्या दिवस या रस्त्यावर जातात. त्यांना बसल्या जागी हे वाचायला मिळावं, की समोरच्या घरात कधीकाळी गव्हर्नर राहत, आणि नंतर तिथे प्लेगची लस तयार झाली. फलकावर फक्त गव्हर्नरांची यादी नको. हाफकिन हवेत, व्हिएगस हवेत, आणि लस टोचून घ्यायला आधी पुढे आले ते भायखळ्याचे कैदीही हवेत, ज्यांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत.

तिसरी, वर्षातून एखाद्या दिवशी, कामाची आणि सुरक्षिततेची अडचण होणार नाही अशा बेताने, परळ-लालबाग-शिवडीच्या शाळांतल्या मुलांना निदान मधलं दालन आणि दर्शनी भाग दाखवावा. १० ऑगस्ट हा दिवस त्यासाठी चांगला. ही मुलं ज्या चाळी सोडून टॉवरात राहायला गेली आहेत त्या चाळींचं आणि या घराचं नातं त्यांना कुणीतरी सांगायला हवं. परळचा इतिहास गिरण्यांपासून सुरू होतो असं त्यांना वाटतं. इथून जवळच बारादेवीच्या देवळात शिवाची सहाव्या शतकाच्या आसपासची प्रचंड शिल्पशिळा आहे, १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून निघालेली. साडेतीन मीटरांच्या आसपास उंची, एकाच दगडात एकातून एक उमलत गेलेल्या शिवाच्या आकृती, भोवती वाद्यं वाजवणारे गण. संग्रहालयात तिची प्रतिकृती आहे, पण मूळ शिळा परळमध्ये आहे आणि तिची पूजा होते. ती शिळा, हा मठ, गव्हर्नर, गिरण्या, लस, सगळं पायी वीस मिनिटांच्या टापूत. एका सकाळी मुलांना दाखवून होईल.

आपल्या वर्तमानपत्राला माझी विनंती आहे की राजभवनाच्या लेखाला जोडून परळवर एक पान द्यावं. मलबार हिलचं राजभवन बाहेरच्या माणसाला आधी नोंदणी करून पाहता येतं, त्याची छायाचित्रंही पुष्कळ छापून आली आहेत. परळच्या घराचं समोरचं एक नीट छायाचित्र आणि शेजारी एक साधा तळनकाशा, ज्यात मधला भाग आणि दोन पंख वेगवेगळ्या छटांनी दाखवलेत, एवढं छापलंत तरी वाचकाला रस्त्यावर उभं राहून ते ओळखता येईल. तळनकाशा मी काढून देईन, बाहेरून जेवढी मापं घेता येतात तेवढ्यावरून. आतली मापं घ्यायची परवानगी संस्थेकडून आपल्या प्रतिनिधीमार्फत मिळाली तर अधिक चांगलं. आपल्या छायाचित्रकाराला सकाळी आठच्या आत यायला सांगावं, नंतर रस्त्यावर रुग्णवाहिका आणि टॅक्सींची इतकी गर्दी होते की कॅमेरा लावायला जागा मिळत नाही. ऊनही तेव्हाच सोयीचं असतं.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त आरेखक,
परळ गाव, मुंबई